सूट शिवावयास टाकण्यापूर्वीं

आमच्या होटगी जंक्शनावर लोहमार्गाला दोन फांटे फुटतात. एक वाडीकडे जातो, दुसरा विजापुरावरून गदगकडे. तिकिटाच्या खिडकीशीं उभा राहून 'कोठलेंहि चांगलेंसें तिकीट द्या' असें म्हणणारा प्रवासी मीं अद्याप पाहिलेला नाहीं. शिंप्याच्या दुकानांत मात्र 'चांगलासा सूट शिवा' म्हणणारे पुष्कळ आढळतात. त्यांतलाच मी एक.

थोरल्या मुलीचें लग्न वैशाखांतलें. सोलापुरांत एका दुकानीं, रात्रीच्या दिव्याखालीं, जाडसर काळें लोकरी कापड माझ्या डोळ्यांत भरलें. "कशासाठीं?" असें मास्तरांनीं विचारलें. "लग्नासाठीं," एवढेंच मीं सांगितलें. महिना कोणता, मांडव उघडा कीं बंद, दिवसभर बसावयाचें कीं धांवावयाचें, हें मीं बोललों नाहीं. सोलापूरच्या वैशाखांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. अक्षता पडण्यापूर्वींच कोट अंगावरून उतरला. पाठवणीच्या छायाचित्रांत मी नुसत्या सदऱ्यावर उभा आहें, कोट हातावर. शिवणकाम निर्दोष होतें, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे.

सोलापुरांत हल्लीं गणवेशांचा मोठा धंदा चालतो. २०१७ सालीं त्यांचें प्रदर्शनहि भरलें होतें. गणवेशाचें कापड, रंग, गळा दुसऱ्यानें ठरविलेला असतो. अंगच्या मापाच्या सुटांत तें सारें आपणांस ठरवावें लागतें. छाती व कंबर शिंप्याच्या फितीला सांपडते, आपला हेतु सांपडत नाहीं.

आतां धाकटीचें लग्न आहे, तेंहि वैशाखांतच. या खेपेस दुकानीं जाण्यापूर्वीं घरीं बसून कागद केला. सौभाग्यवतीनें विचारलें, "लग्नानंतर हा कोट घालून तुम्ही कोठें जाणार आहांत?" या एका प्रश्नानें काळा रंग गेला व गडद निळा आला, कारण तो इतर विजारींवरहि चालेल. विरळ विणीचें, मीटरला २५० ग्रॅमच्या आसपासचें लोकरी कापड ठरलें, अस्तर अर्धेंच. माप देतांना त्या दिवशींचेच बूट व सदरा घालून गेलों, कारण विजारीची लांबी टांचेवर अवलंबून असते.

मास्तरांशीं मोकळेपणीं बोलतांना एक गैरसमज दूर झाला. सैल मुंढा आरामाचा, असें मी समजत असें. वस्तुतः मुंढा काखेजवळ बेतला, म्हणजेच हात उचलतांना सगळा कोट वर चढत नाहीं. शिवणींत माया सोडलेली असते (शिंप्यांचा हा शब्द मला फार आवडतो), त्यामुळें कंबर थोडी सैल करतां येते, विजारहि उतरवितां येते. परंतु कोट आंखूड बेतला गेला तर तो वाढत नाहीं, आणि खांदा बदलणें म्हणजे जवळजवळ नवा कोट शिवणें.

परवां कच्च्या टांक्यांवर पहिली ट्रायल झाली. मीं बसून पाहिलें, वांकून पाहिलें, अक्षता टाकावयास हात उचलून पाहिला. उजव्या खांद्याखालीं किंचित् चुणी पडत होती. मास्तरांनीं तेथें खडूची रेघ ओढली आहे; गुरुवारीं मला पुन्हा सोलापूरची गाडी धरावयाची आहे.