दमा, उंदीर आणि गलाईची खोली
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जॉर्ज टाउन येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



या आनंदसोहळ्यात मी दम्यासारखा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी माळावरून निघून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायावर देशभर पसरलेली आपली माणसे येथेही, सौकारपेठेच्या अरुंद गल्ल्यांत, स्थिरावली आहेत. सोन्यातील चांदी-तांबे वेगळे काढण्यासाठी तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, ओतले की तांबूस धूर उठतो. त्यातील नायट्रोजन डायऑक्साइड या वायूचा दम्याशी संबंध काय, हे समजण्यासाठी आपल्याला प्रयोगशाळेतील उंदरांकडे वळावे लागेल.

दम्यात श्वासनलिका दोन प्रकारे अरुंद होते. तिच्याभोवतीचा स्नायू आवळतो, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा निरुपद्रवी धूलिकणालाही शत्रू समजून आतल्या अस्तराला सूज आणते. उंदराला आपणहून दमा होत नाही. तो घडवावा लागतो. प्रथम अंड्याच्या पांढऱ्यातील प्रथिन टोचून त्याच्या शरीराला त्या प्रथिनाचे वैर शिकवायचे, मग त्याच प्रथिनाचे तुषार हुंगावयास द्यायचे. प्रतिकारपेशींचे दोन वर्ग 1986 साली उंदरांतच ओळखले गेले, आणि इंटरल्यूकिन-13 हे एकच द्रव्य दम्याची बहुतेक लक्षणे उत्पन्न करू शकते, हे 1998 मध्ये उंदरांवरूनच कळले.

आता आपल्या धुराकडे येऊ. हेच प्रथिन उंदराने नुसते हुंगले, तर त्याचे शरीर ते सहन करावयास शिकते. परंतु अमेरिकेतील व्हर्मांट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांना आधी नायट्रोजन डायऑक्साइड हुंगविला, आणि सहनशीलतेच्या जागी वैर उत्पन्न झाले. म्हणजे हा वायू केवळ घसा जाळत नाही. तो शरीराला चुकीचा धडाही शिकवू शकतो.

तरीही उंदराची साक्ष जपून घ्यावी. त्याच्या श्वासनलिकेचा स्नायू सेरोटोनिनने आवळतो. आपला स्नायू हिस्टामिनने आवळतो, ज्याला उंदीर फारसा दाद देत नाही. जुन्या दमेकऱ्याचा स्नायू वर्षानुवर्षे जाड होत जातो. काही आठवड्यांच्या प्रयोगात ते चित्र उंदरात उभे करणे कठीण. या फरकाची किंमत वैद्यकाने मोजली आहे. इंटरल्यूकिन-5 रोखले की उंदरांचा दमा ओसरत असे. परंतु 2000 साली माणसांवरील चाचणीत रक्तातील इओसिनोफिल पेशी घटूनही श्वासनलिकेचे आवळणे कमी झाले नाही. पुढे 2009 मध्ये, योग्य रुग्ण निवडल्यावर, त्याच औषधाने तीव्र दम्याचे झटके कमी केले. उंदीर खोटे बोलला नव्हता. त्याने सूज सांगितली, स्नायूची कथा मात्र माणसाकडूनच ऐकावी लागली.

म्हणून गलाईच्या धुराने प्रत्येकास दमा होतो, असे मी म्हणत नाही. परंतु उंदराने दिलेला इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही, आणि त्यावरचे उपाय आपल्या हाती आहेत. तेजाबाचे काम हवा बाहेर ओढणाऱ्या धुराड्याखालीच करावे. ज्या खोलीत तेजाब उकळते, त्याच खोलीत पोरांनी रात्री झोपू नये. मोठा धूर छातीत गेला असता काही तास बरे वाटले तरी फुप्फुसांत नंतर पाणी साचू शकते; तेव्हा तत्काळ रुग्णालय गाठावे. रात्री खोकला किंवा छातीत घरघर होत असल्यास श्वासाची तपासणी करून घ्यावी. आणि पंपाची भीती बाळगू नये. एक पंप आवळलेला स्नायू सैल करतो, दुसरा रोज घ्यावयाचा, सूज उतरवणारा असतो. बरे वाटले म्हणून दुसरा सोडणे ही नेहमीची चूक.

गावाकडून पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आपल्या भरवशावर येथे काम शिकावयास येतो. तो सोन्याची पारख शिको, चार पैसे गाठीला बांधो. पण परत जाताना त्याचा श्वास आला तसाच मोकळा असावा, ही जबाबदारी आपली आहे.