वाजिमाच्या बाजारातल्या बायका

आज आम्ही दोघी जावा तुमच्याशी बोलायला बसलो आहोत. धाकटीची लेक जपानात टोकियोला नोकरी करते. 2025 च्या मे महिन्यात तिनं आम्हाला बोलावून घेतलं. उंच इमारती बघून चार दिवसांत आमचे डोळे थकले. लेकीला म्हटलं, "बाई, आता शेतं दाखव, समुद्र दाखव, आमच्यासारख्या बायका दाखव." मग ती आम्हाला नोतोला घेऊन गेली.

नोतो म्हणजे जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरून समुद्रात घुसलेला जमिनीचा लांब पट्टा. टोकियोहून कानाझावापर्यंत वेगाची रेल्वे आहे, पुढे बसनं वाजिमा गाव. वाटेत डोंगर, काळ्या चकचकीत कौलांची घरं आणि वळणावळणाला समुद्र.

वाजिमाजवळ एक डोंगरउतार आहे, शिरोयोने सेनमाईदा नावाचा. सेनमाईदा म्हणजे हजार खाचरं. मोजली तर 1004 आहेत. काही इतकी लहान, की आपलं सुपडं ठेवलं तर खाचर भरून जाईल. पायऱ्यांसारखी ती थेट समुद्रापर्यंत उतरतात. यंत्र आत शिरत नाही, लावणी-कापणी सगळी हातानं. आम्ही गेलो तेव्हा लावणीचेच दिवस होते. पाण्यात आभाळ दिसत होतं. पण सगळ्या खाचरांत पाणी नव्हतं. पुष्कळशी कोरडी, भेगाळलेली होती.

कारण 1 जानेवारी 2024. जपानात नव्या वर्षाचा दिवस हा मोठा सण. बाहेरगावची लेकरं घरी आलेली. दुपारी चारच्या सुमारास 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला. दोनशेहून जास्त माणसं ढिगाऱ्यात, आगीत गेली. नंतर निवाऱ्यात, थंडीत, आजारपणात आणखी कितीतरी गेली. किनाऱ्याची जमीन काही ठिकाणी चार मीटरपर्यंत वर उचलली गेली. बंदरातलं पाणी हटलं, होड्या गाळात रुतल्या. त्या वर्षी सेनमाईदाच्या 1004 पैकी फक्त 120 खाचरांत लावणी झाली. सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, पुन्हा दरडी कोसळल्या. तरी पुढच्या वर्षी लावणी वाढवली. आम्ही पाहिली ती हीच.

हे ऐकताना आमच्यातली थोरली गप्प झाली. तिचं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या बाजूचं. तिकडे नव्या वर्षाचा सण, तर आपल्याकडे 30 सप्टेंबर 1993 ला गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाट होत होती. दमून झोपलेली माणसं उठलीच नाहीत.

वाजिमाची खरी ओळख म्हणजे तिथला सकाळचा बाजार, असाइची. हजार वर्षांची परंपरा सांगतात त्याची. साधारण 360 मीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना बायका बसायच्या. सुकी मासळी, समुद्रातलं शेवाळ, माशाचं खारवलेलं पाणी, भाजी, लाखेची भांडी. "कोतेकुदा" अशी हाळी द्यायच्या, म्हणजे आपलं "घ्या हो ताई". नवरा समुद्रावर किंवा शेतात, विक्री आणि पैसा बाईच्या हातात. एखाददुसरा नवरा पोसता येत नसेल तर ती बाई कसली, अशी तिथल्या बायकांची बोलण्याची रीत आहे! लेकीनं याचा अर्थ सांगितला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो.

तिथल्या काही बायका आमा आहेत. आमा म्हणजे पाठीवर हवेची नळकांडी न घेता, फक्त दम रोखून समुद्रात बुडी मारणाऱ्या. शंख-शिंपले आणि शेवाळ वर आणतात. काही जणी सत्तरी ओलांडूनही बुडी मारतात.

भूकंपाच्या रात्री या बाजाराला आग लागली. दोनशेहून जास्त इमारती जळल्या. आम्ही पाहिलं तेव्हा तिथं मोकळं मैदान होतं, राडारोडा उचललेला.

आता मुख्य गोष्ट ऐका. तीन महिने व्हायच्या आत, मार्चमध्ये, या बायकांनी कानाझावाच्या बंदराजवळ बाजार मांडला. पुढे जपानात ठिकठिकाणी नेला. गिऱ्हाईक येईना, तर आपण गिऱ्हाइकाकडे जाऊ. जुलैपासून वाजिमातच एका दुकानांच्या इमारतीत रोज बसायला लागल्या.

तिथं आम्ही एका आजींकडून शेवाळाचं पुडकं घेतलं. त्यांचं दुकान जळालेलं. लेकीनं विचारलं, परत कशा आलात? त्या म्हणाल्या, शेजारी बसणाऱ्या बायकांचे फोन येत राहिले, म्हणून आले.

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची आई आठवडी बाजारात भाजी विकायची. भूकंपानंतर गाव दुसरीकडे वसलं, बाजारच्या मैत्रिणी पांगल्या. सरकारनं घर दिलं, पत्रे दिले. पण "ये गं, तुझी जागा धरून ठेवली आहे" असं आईला कुणीच म्हटलं नाही. आईचा बाजार सुटला तो सुटलाच. पुढे ती पैशासाठी मुलांच्या तोंडाकडे बघत राहिली. थोरली म्हणाली, "आम्हीही तिला कधी विचारलं नाही, परत जायचं का म्हणून."

मैत्रिणींनो, सुंदर देश बघून आलो, फोटो पुष्कळ आणले. पण तुमच्यासाठी आणलं ते एवढंच. आपल्या गटात कुणी आजारपणानं, दुष्काळानं, घरात माणूस गेल्यानं यायची थांबली असेल. कर्जाचा हप्ता राहिला म्हणून लाजून घरी बसली असेल. येत्या बैठकीआधी तिच्याकडे जा. हप्त्याचं नंतर बघू. आधी तिला सांगा, तुझी जागा अजून रिकामी आहे.

आम्हीही आमच्या गटातल्या दोघींकडे जाऊन आलो. एक आली. दुसरीकडे पुन्हा जाणार आहोत.