नाव आजोबांचं, बिल आपलं
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)





नव्या गावी किंवा नव्या देशात घर मांडताना वीज, पाणी, गॅसची व्यवस्था कशी लावायची, यावर दहा-पंधरा मिनिटं बोला असं कार्यकारिणीने आम्हाला सांगितलं. आम्ही म्हणजे मंडळातले तिघे-चौघे. सगळे राज्य सरकारच्या नोकरीत, बहुतेक डिप्लोमावाले, कोणी बांधकामात, कोणी पाणीपुरवठ्यात. वक्तृत्व आमच्याकडे नाही. पण कोणाचं मीटरचं किंवा नळाचं काम अडलं की फोन आम्हालाच येतो, त्यामुळे अनुभव बराच जमला आहे. समोर एक जण उभा असला तरी बोलणं सगळ्यांचं समजा.

विषय ऐकून आपल्याला वाटेल, हे कोंडापूर, मणिकोंड्याला पुण्या-नागपुराहून आलेल्या नव्या मंडळींसाठी आहे. त्यांच्यासाठी आहेच. पण आमच्याकडे येणारी सर्वांत गुंतागुंतीची कामं त्यांची नसतात. ती सत्तर-ऐंशी वर्षं इथे राहिलेल्या आपल्याच घरांची असतात.

आपले आजोबा-पणजोबा सोलापूर-पुण्याकडून आले तेव्हा हा खरोखरच परदेश होता. हद्दीवर करोडगिरीचं नाकं, खिशात हाली शिक्का, कचेरीची भाषा उर्दू. मराठवाड्यातून आलेल्यांचं राज्य तेच, पण शहर परकंच. बाकी वीज आणि नळ या दोन्ही गोष्टी तेव्हा शहरालाही नव्याच होत्या. १९०८ च्या सप्टेंबरात मुसीला महापूर आला आणि त्यानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुण्यात शिकलेला, मुंबई इलाख्यात नोकरी केलेला, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवलेला हा इंजिनिअर. पुढे १९२० साली उस्मानसागर, म्हणजे आपलं गंडीपेट, पुरं झालं आणि १९२७ साली हिमायतसागर. हुसेनसागरच्या काठचं वीजकेंद्रही १९२० च्या सुमाराचंच. गंडीपेटचं पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडत नाही म्हणतात. आपल्या घरांच्या बाबतीत ते खरं ठरलं.

त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण आंध्र प्रदेशात राहिलो. २ जून २०१४ ला तेलंगणात आलो. घर एक इंचही हललं नाही. विजेच्या बिलावरचं वरचं नाव मात्र बदलत गेलं, आधी वीज मंडळ, मग मध्य विभागाची कंपनी, मग दक्षिण तेलंगणाची. मधलं नाव तसंच राहिलं. आजोबांचं. ते जाऊन पस्तीस वर्षं झाली असतील, पण दर महिन्याला त्यांच्या नावाने बिल येतं आणि नातू ते मोबाईलवरून भरतो.

बिल भरलं जातं तोवर कोणी काही विचारत नाही, म्हणून कोणाला घाई नसते. अडतं ते बदल करायची वेळ आली की. जुन्या घरात खाली थोरले, वर धाकटे, आणि मीटर एकच. आजच्या दराने २०० युनिट वापरले तर वीज आकार ८२० रुपये होतो. २०१ युनिट झाले की १,०२७ रुपये ७० पैसे, कारण २०० ओलांडले की पहिल्या युनिटपासूनच ५ रुपये १० पैशांचा दर लागतो. एका युनिटचे दोनशे सात रुपये! दोन चुली, दोन फ्रिज, उन्हाळ्यात दोन कूलर एका मीटरवर, म्हणजे ही उडी दर महिन्याला. वेगळ्या मजल्याला वेगळं मीटर घ्यावं तर अर्जावर मालक म्हणून सही कोणाची?

पाण्याचं तसंच. २०२१ च्या जानेवारीपासून शहरात घरगुती नळाला महिना २०,००० लिटर मोफत आहे, पण चालू मीटर हवा आणि कॅन नंबरला आधार जोडलेलं हवं. जोडणी आजोबांच्या नावावर असेल तर आधार कोणाचं जोडणार?

काचीगुड्याकडच्या एका घरात आम्ही हे नाव बदलण्याच्या कामाला बसलो. आजोबांना तीन मुलगे, एक मुलगी. वडिलांच्या पिढीत केलं असतं तर चार सह्यांत भागलं असतं. आता वारस अकरा. एक आत्या इंदूरला, एक पुतण्या डॅलसला, त्याची सही साक्षांकित होऊन यायला दोन महिने लागले. घर बिल्डरला द्यायचं ठरलेलं, आणि कागद थांबलेले नळाच्या आणि मीटरच्या नावावर. भांडण नव्हतं. भांडण असतं तर काय झालं असतं, ते आपण ओळखालच.

भांडणाच्या भीतीनेच पुष्कळ घरांत हा विषय निघत नाही. धाकट्याने स्वतःचं नाव लावतो म्हटलं की थोरल्याला वाटतं, घर हातचं गेलं. म्हणून स्पष्ट सांगतो. विजेच्या बिलावर नाव असणं हा मालकीचा पुरावा नव्हे. घर कोणाचं ते खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा यावरून ठरतं. बिलावर नाव लावणारा फक्त ग्राहक होतो. सगळ्यांनी एकत्र बसून एकाचं नाव ठरवलं आणि बाकीच्यांनी संमती लिहून दिली, तर हिस्सा कोणाचाच जात नाही. कागद लागतात ते असे: मृत्यूचा दाखला, वारसांचा दाखला, घरपट्टीची पावती, इतर वारसांची संमती आणि हमीपत्र. आणखी एक, आजोबांनी भरलेली अनामत रक्कम त्या जोडणीवर अजून जमा आहे. कायद्याने त्यावर व्याज मिळतं आणि ते बिलात वळतं होतं. जुनी पावती सापडली तर फेकू नका.

आता नव्याने येणाऱ्यांचं. भाचे, पुतणे, ओळखीच्यांची मुलं आपल्याकडेच चौकशी करतात, म्हणून हे माहीत असावं. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे अर्ज मालकालाच नाही, तिथे राहणाऱ्यालाही करता येतो. घरमालक ना-हरकत देत नाही एवढ्यावरून भाडेकरूची वीज अडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं आहे. २०२४ च्या सुधारित नियमांत महानगरात नवी जोडणी ३ दिवसांत द्यावी असं आहे. पण २०२३ चा निकाल घर विकत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. आधीच्या मालकाची थकबाकी नव्याकडून वसूल करण्याची तरतूद नियमांत असेल तर ती वसूल होऊ शकते. तेव्हा विसार देण्याआधी सर्व्हिस नंबर घालून थकबाकी बघा. दोन मिनिटांचं काम आहे. लोक फरशा बघतात, वास्तू बघतात, हे बघत नाहीत.

पाणी किती दिवसांआड येतं, सम्प केवढा आहे, हे शेजारच्या बाईंना विचारावं, दलालाला नाही. गॅसचं सोपं आहे. जुन्या गावी सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून अनामत घ्यायची, बदलीचा कागद घ्यायचा आणि इथे नवी अनामत भरायची. जुनी अनामत जुन्या दराची असते, त्यामुळे इथे खिशातून जास्त जातात. त्याला इलाज नाही.

परदेशी गेलेल्या मुलांचे अनुभव आम्ही फोनवर ऐकतो. डॅलसला वीज विकणाऱ्या अनेक कंपन्या, आपण निवडायची. तिथूनच काही तासांवर ऑस्टिन, तिथे नगरपालिकेची एकच, निवड नाही. नव्या माणसाची उधारीची पत नसते, म्हणून अनामत मागतात. तिथला आमचा एक भाचा म्हणाला, "मामा, इथेही आपल्यासारखंच आहे, नुसतं इंग्रजीत." जर्मनीत कोणतीच कंपनी निवडली नाही तरी दिवा लागतो, पण आपोआप त्या भागातल्या ठरलेल्या पुरवठादाराचे ग्राहक होता, आणि तो दर बहुधा महाग पडतो. तिथली एक पद्धत आम्हाला आवडली. चावी घेताना-देताना मीटरचा आकडा कागदावर लिहून दोघांच्या सह्या होतात. आपल्याकडे हे कोणी करत नाही आणि मग सहा महिने व्हॉट्सॲपवर वाद घालत बसतात.

थोडं विषयांतर. मांजरा बीडच्या डोंगरातून निघते, तिचं पाणी शहरात १९६५ पासून आहे. २००४ पासून महाबळेश्वरची कृष्णा येते, आणि २०१५ पासून नाशिक-नांदेडवरून आलेली गोदावरीही. शंभर किलोमीटरहून जास्त लांबून पाइपाने. आपल्या मागोमाग पाणीही तिकडूनच आलं असं आम्ही गमतीने म्हणतो. कर्नाटकातली आणि इथली मंडळी त्यावर दुसरं काही म्हणतील, तेही बरोबर.

असो. उद्या आणि परवा आरतीनंतर आम्ही चौघं मंडपाच्या डाव्या बाजूला, प्रसादाच्या टेबलापलीकडे बसणार आहोत. येताना विजेचं एक बिल, पाण्याचं एक बिल आणि घरपट्टीची पावती आणा. नाव कोणाचं आहे ते घरी बघून या. आजोबांचं असेल तर त्यांचे वारस किती आणि कुठे कुठे आहेत, ते एका कागदावर लिहून आणा. परदेशातले कोणी दिवाळीला यायचे असतील तर त्यांची तारीखही लिहा, म्हणजे सह्या तेव्हाच उरकता येतील. चष्मा विसरू नका, जुन्या बिलांचे आकडे फार बारीक असतात.

मोरया!