घरावरचा बोजा उतरवताना

सातबाऱ्यावर बोजा चढला की जमीन विकताना किती हेलपाटे पडतात, हे आपण जाणतोच. कॅलिफोर्नियात घर घेतलेल्या आपल्या मुलाबाळांनाही असाच बोजा भेटू शकतो. तिथे त्याला मेकॅनिक्स लीन म्हणतात. समजा, स्वयंपाकघर नवं करून घेतलं. कंत्राटदाराला सगळे पैसे दिले, पण त्याने फरशीवाल्याचे थकवले. तर फरशीवाला थेट घरावर हक्क नोंदवू शकतो. हे संरक्षण तिथल्या राज्यघटनेतच आहे, आणि घाम गाळणाऱ्याला ते मिळायलाच हवं, असं मला वाटतं.

मात्र नोंदीनंतर ९० दिवसांत त्याला वसुलीचा दावा लावावा लागतो. मुदतवाढीची रीतसर नोंद नसेल आणि दावाही नसेल, तर बोजा निष्प्रभ होतो. पण कागदावर तो तसाच दिसतो, आणि घर विकताना नेमका आडवा येतो. अशा वेळी मालकाने आधी लेखी नोटीस देऊन बोजा काढायला सांगायचं आणि किमान १० दिवस थांबायचं. ही पायरी चुकवू नका, त्याशिवाय अर्जच करता येत नाही. मग काउंटीच्या सुपीरियर कोर्टात अर्ज, सोबत बोजाच्या नोंदीची प्रमाणित प्रत. जिंकणाऱ्याला वकिलाचा वाजवी खर्च मिळतो. हरलात तर तो तुमच्या अंगावर. आदेश हातात पडला की त्याची प्रमाणित प्रत काउंटी रेकॉर्डरच्या कचेरीत नोंदवून घ्या.