आधी पकड, मग काम


कार्यशाळेच्या तासाला शेगड्यात लाकूड आवळताना सर बजावायचे, "आधी पकड, मग काम." सॉफ्टवेअरच्या नोकरीत मी ते विसरले. गेल्या वर्षी बाबांच्या खुर्चीचा निखळलेला पाय गोंद लावून नुसता हातानं दाबला. दुसऱ्या दिवशी बाबा बसले आणि सांधा सुटला, थोडक्यात वाचले.

मग सरांची रीत आठवली. महागडे क्लॅम्प आणले नाहीत. जुना गोंद खरवडून नवा लावला. चारही पायांभोवती सुतळीचे दुहेरी वेढे घातले, मध्ये काठी अडकवून पीळ दिला. लाकडाला काचू नये म्हणून खाली चिंध्या. चोवीस तास हात लावला नाही.

बाबा आजही त्याच खुर्चीत बसतात. सर, गृहपाठ उशिरा दाखवतेय, पण पक्का केलाय!