सभासदांची वीज



सहकार म्हटलं की नगर जिल्ह्यात पहिलं नाव निघतं ते साखरेचं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला उभा केलेला कारखाना शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. पण याच मुलखात चाळीस वर्षं विजेचीही सहकारी संस्था होती, हे आज विशी-पंचविशीतल्या मुलांना मुद्दाम सांगावं लागतं. तिचं नाव मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था, आणि कचेरी श्रीरामपूरला. 1971पासून 2011च्या जानेवारीअखेरपर्यंत श्रीरामपूर, राहुरी आणि आसपासच्या तालुक्यांतल्या गावांना वीज पुरवायची ती ही संस्था. खांब तिचे, तारा तिच्या, वायरमन तिचा. आणि कागदोपत्री तरी मालक होते ते वीज वापरणारे सभासद.

ही कल्पना आली अमेरिकेतून. 1930च्या दशकात तिथल्या शहरांत दिवे झगमगत होते, पण दहा शेतांपैकी जेमतेम एका शेतावर वीज होती. खासगी कंपन्यांचा हिशेब साधा होता. मैलामागे दोन-तीन घरं, तेवढ्यासाठी तार कोण ओढणार? 1935 साली रुझवेल्ट सरकारनं ग्रामीण विद्युतीकरणासाठी खातं काढलं, पुढच्या वर्षी कायदा केला, आणि स्वस्त व्याजाची कर्जं देऊ केली. कंपन्या तरीही फिरकल्या नाहीत. पुढे आले ते शेतकरी. पाच डॉलर भरून सभासद व्हायचं, शेजाऱ्यालाही करून घ्यायचं, आणि आपल्या रानातून तार जायला परवानगी द्यायची. गंमत अशी की शेतकरी एकत्र येताहेत असं दिसताच काही कंपन्यांनी घाईघाईनं तिथल्या बड्या शेतकऱ्यांपुरती तार ओढली. चांगली गिऱ्हाइकं अशी उचलली की उरलेल्यांची संस्था उभीच राहू नये. आपल्याकडच्या राजकारणाला लाजवील असा हा डाव होता.

या अमेरिकन संस्थांमधली एक रीत मला फार मोलाची वाटते. सुरुवातीच्या काळात अनेक ठिकाणी मीटर वाचायला माणूस येतच नसे. सभासदच महिन्याच्या ठरल्या दिवशी मीटरवरचा आकडा उतरवून घ्यायचा, मागच्या महिन्याचा आकडा वजा करायचा, दराच्या तक्त्यावरून रक्कम काढायची आणि पैसे पाठवून द्यायचा. मीटर वाचणाऱ्याचा पगार वाचला, एवढंच त्यात नव्हतं. किती वीज जळली आणि तिचे किती झाले, हे प्रत्येक घराला स्वतःच्या पेन्सिलीनं मांडावं लागत होतं. वर्षाअखेर शिल्लक राहिली तर ती सभासदाच्या नावावर वापराच्या प्रमाणात चढायची, आणि सवडीनं परत मिळायची. आजही तिथे अशा नऊशेच्या आसपास संस्था आहेत.

भारतात 1969 साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं, आणि अमेरिकन सल्ल्यानं पाच ठिकाणी वीज सहकारी संस्थांचा प्रयोग ठरला. गुजरातेत कोडिनार, कर्नाटकात हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, उत्तर प्रदेशात लखनौ, आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा. आपल्याकडची निवड चुकीची होती असं कोणी म्हणणार नाही. धरणं होती, कालवे होते, विहिरी होत्या, ऊस होता, आणि सोसायटीची पोटनियमावली वाचता येणारी माणसं गावोगाव होती.

मग बिनसलं कुठे? श्रीरामपूरच्या बाजारपेठेत चहा पिता पिता विचारलंत, तर दोन उत्तरं मिळतील. एक म्हणेल, पुढाऱ्यांनी घालवली. दुसरा म्हणेल, सरकारनं मारली. दोघांकडे पुरावे असतात आणि दोघांचा आवाज चढतो. मला विचाराल तर दुखणं याहून रुक्ष होतं. संस्था स्वतः वीज तयार करत नव्हती. ती वीज मंडळाकडून ठोक भावानं घ्यायची, आणि तो भाव तिच्या हातात नव्हता. विकायची ती मुख्यतः शेतीपंपांना, आणि तो दरही तिच्या हातात नव्हता. कारखाने आणि मोठी शहरं हाताशी असलेल्या मंडळाला एकीकडची तूट दुसरीकडून भरता येत होती. इथे उसाच्या रानात ती कुठून भरणार?

त्यात बहुसंख्य पंपांना मीटरच नव्हता. आकारणी हॉर्सपॉवरवर. पाच हॉर्सपॉवरची मोटर दिवसाला दोन तास चालवा नाही तर दहा तास, पैसे तेवढेच. अशा वेळी शेतकरी काय करतो? स्टार्टरला ऑटोस्विच बसवतो. लोडशेडिंगमुळे वीज रात्री कधीही येणार, उसात अंधारात साप-विंचवातून जायचं कोणी? तेव्हा वीज आली की मोटर आपली आपण सुरू व्हावी. त्याचं काहीच चुकत नाही. पण एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, वीस-पंचवीस मोटारी असतील आणि साऱ्यांना ऑटोस्विच असतील, तर वीज येताच सगळ्या एकाच क्षणी भार ओढतात, आणि डीपी जळते. मग आठवडाभर सगळ्यांचंच पाणी बंद राहतं. जळालेल्या डीपीखाली उभे राहून सभासदच वायरमनला शिव्या घालतात, आणि दुरुस्तीसाठी वर्गणी काढायची वेळ येते तेव्हा ज्याच्या पिकाची पाळी चुकलेली नसते तो हळूच निघून जातो.

किती वीज आली, किती विकली, किती गळाली आणि किती आकडे टाकून नेली, हे मीटरशिवाय कोण सांगणार? वार्षिक सभेत तरी कोणी काय विचारणार? थकबाकी शेकडो कोटींच्या घरात गेली, प्रकरण वीज नियामक आयोगापुढे आणि न्यायालयांत गेलं, परवान्याची मुदत संपली, आणि 2011च्या फेब्रुवारीपासून त्या भागाचा पुरवठा महावितरणकडे आला.

सहकारानं वीज वाटताच येत नाही, असा अर्थ यातून काढणारे आहेत. त्यांनी हुक्केरी पाहावं. बेळगाव जिल्ह्यातली ती संस्था अजून चालू आहे, आपल्या सरहद्दीपासून फार लांबही नाही. तेलंगणात यंत्रमागांच्या सिरसिल्ल्यातही वीज सहकारी संस्थेचीच आहे. दोन्हीकडे संचालकांच्या निवडणुका विधानसभेसारख्या ईर्ष्येनं लढवल्या जातात. मला त्यात वाईट काही दिसत नाही.

आणि गुजरातेत, खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावी 2015-16च्या सुमारास वेगळंच घडलं. सहा शेतकऱ्यांनी सौरपंप घेतले, सहकारी मंडळी स्थापन केली, आणि उरलेली वीज वीज कंपनीला युनिटला 4 रुपये 63 पैसे दरानं विकायचा पंचवीस वर्षांचा करार केला. पाणी उपसलं नाही तर पैसे मिळतात, म्हटल्यावर उगाच मोटर कोण चालू ठेवील?

आपल्याकडे आज सौरपंप भराभर बसताहेत, पण ते एकेकट्याचे आहेत. तारेला जोडलेले नसल्यामुळे भिजवणं झालं की पॅनेल नुसतं तापत बसतं. केंद्राच्या कुसुम योजनेत मात्र सहकारी संस्थेला पडीक जमिनीवर 2 मेगावॅटपर्यंतचा सौर प्रकल्प उभारून महावितरणला वीज विकता येते. विक्रीचा दर करारात आधीच लिहिलेला असतो, म्हणजे मुळा-प्रवराची निम्मी अडचण तिथे नाही. पण पैसे वेळेवर मिळतील का, हे नगरचा शेतकरी पहिल्याच बैठकीत विचारील. विचारणारच, उसाच्या बिलाची वाट पाहण्यात त्याची हयात गेली आहे.