बर्फाच्या जागी वाणसामान

कॅनडा म्हटलं की बर्फ आठवतो आणि त्या बर्फावर खेळली जाणारी आइस हॉकी. एडमंटनसारख्या शहरात हिवाळ्यात पारा कधी कधी शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. अशा ठिकाणी गावचा पार, चौक, मैदान हे सगळं छपराखालीच आणावं लागतं. म्हणून तिथल्या मोठ्या शहरांत माणसांनी एकत्र यायच्या दोन मोठ्या जागा झाल्या. एक बंदिस्त क्रीडागार आणि दुसरी मॉल.

टोरांटोचं ‘मेपल लीफ गार्डन्स’ पाहा. ही इमारत 1931 सालची, जागतिक मंदीतली. संघाचे प्रमुख कॉन स्माइथ यांच्याकडे पैसे कमी पडत होते. कामगारांनी मजुरीचा काही भाग रोख न घेता शेअरच्या रूपात घेतला आणि सहा महिन्यांच्या आत ती उभी केली. पुढे ‘मेपल लीफ्स’ संघानं इथं असताना 11 वेळा स्टॅन्ली कप जिंकला.

मला मात्र ही वास्तू आठवते ती महंमद अलींमुळे. आमच्या मोहल्ल्यात त्यांचं नाव घरच्या माणसासारखं घेतलं जाई. 1966 साली अली व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलले आणि अमेरिकेतल्या शहरांनी एकामागून एक त्यांच्या लढतीला नकार दिला. टोरांटोनं दार उघडलं. 29 मार्चला स्थानिक मुष्टियोद्धा जॉर्ज शुव्हालो पंधरा फेऱ्या त्यांच्यासमोर उभा राहिला. अली गुणांवर जिंकले. महायुद्धात लढलेल्या स्माइथ यांना हा सामना मान्य नव्हता. ते संचालक मंडळातून बाहेर पडले. एका छपराखाली केवढे वाद मावतात पाहा!

1999 मध्ये संघ नव्या क्रीडागारात गेला. 2011 मध्ये गार्डन्सच्या तळमजल्यावर वाणसामानाचं भलंमोठं दुकान सुरू झालं. जुन्या निळ्या खुर्च्यांपासून केलेलं मेपलचं प्रचंड पान तिथल्या भिंतीवर आहे, आणि रिंगणाचा मध्यबिंदू जिथं होता तिथं जमिनीवर एक लाल ठिपका. मी गेलो तेव्हा एक बाई नेमकी त्या ठिपक्यावर ट्रॉली थांबवून सामानाची यादी वाचत होती. तिला घाई होती. ठिपक्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

मॉन्ट्रियलच्या ‘फोरम’ची कथा अशीच. 1955 साली लाडक्या मॉरिस रिशारवर बंदी आली, तेव्हा फ्रेंच भाषकांचा संताप इथूनच रस्त्यावर उतरला. तो केवळ खेळाचा राग नव्हता. दुय्यम वागणूक सोसणाऱ्या समाजाचा तो राग होता. 1976 च्या ऑलिंपिकमध्ये चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला पूर्ण 10 गुण मिळाले तेही याच छपराखाली. गुणफलकाला 10 दाखवताच येईना, म्हणून त्यावर 1.00 उमटले! 1996 मध्ये हॉकी संघ इथून गेला आणि पुढे तिथं चित्रपटगृहं नि दुकानं आली.

एडमंटनमध्ये उलटं घडलं. 1981 साली सुरू झालेल्या ‘वेस्ट एडमंटन मॉल’नं बर्फाचं मैदानच पोटात घेतलं. आठशेहून अधिक दुकानं, लाटा उसळणारा तलाव, आणि मधोमध स्केटिंग करणारी मुलं.

श्रोतेहो, मॉलवर नाक मुरडणं सोपं आहे. क्रीडागारात तिकीट लागतं, मॉलच्या दारात ते कुणी मागत नाही. थंडीत एखादा म्हातारा तिथं कॉफीच्या एका पेल्यावर दोन तास काढू शकतो. पण तो तिथं बसतो तो मालकाच्या मर्जीनं. आणि मॉलमध्ये हजारो माणसं असली, तरी प्रत्येकजण आपापल्या पिशवीपुरता. अनोळखी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून ओरडावं, रडावं, असं तिथं काही घडत नाही. गर्दी असते, पण मेळा भरत नाही.

म्हणून टोरांटोचा तोडगा मला त्यातल्या त्यात शहाणपणाचा वाटतो. 2012 पासून त्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जुन्या घुमटाखाली, विद्यापीठाचं बर्फाचं मैदान आहे. खाली तांदूळ-पाव विकला जातो आणि वर पोरं हॉकी खेळतात. शहराला पोटही असतं आणि आवाजही. पोटाची सोय बाजार करतोच. आवाजासाठी मात्र जागा मुद्दाम राखून ठेवावी लागते.